तरुण संशोधकांची ट्रॅव्हल ग्रँट: माणसं भेटवण्यात पाचपैकी पाच, पैसे पोचवण्यात दोन

काचबिंदूवरच्या संशोधनाची एक छोटी परिषद अमेरिकेत भरते. तिथे जायला आयोजकांचीच ट्रॅव्हल ग्रँट मला मिळाली होती. नाव घेत नाही. पाषाण-बाणेरकडच्या लॅबमधली पोरं सारखी विचारतात, "अर्ज करू का गं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पैशांचं. पत्रात नोंदणी, निवास, विमानप्रवास असं सगळं लिहिलेलं असतं आणि आपण पेढे वाटून मोकळे होतो. नोंदणी फी खरंच माफ झाली, हॉटेलही त्यांनीच परस्पर बुक केलं. तिकिटाचे पैसे मात्र आधी आपण घालायचे आणि परत आल्यावर बोर्डिंग पास जोडून मागायचे. सीनियर रिसर्च फेलोला महिन्याला ४२,००० रुपये आणि घरभाडं, तेही वेळेवर आलं तर. तिकीट लाखाच्या पुढे. व्हिसाचे १८५ डॉलर ग्रँटमध्ये बसतच नाहीत, वर मुलाखतीसाठी मुंबईला बीकेसीची वारी. आमच्या मॅडमनी स्वतःचं क्रेडिट कार्ड पुढे केलं म्हणून मी गेले. ज्याच्या गाईडचा हात इतका सैल नाही, त्याने काय करायचं? परतावा आला तोवर निम्मा पावसाळा सरला होता, त्यातही बँकेने आपली कात्री लावलीच. मधल्या काळात मॅडम समोरून आल्या की मी कोल्ड रूममध्ये शिरायचे.

आता ज्यासाठी पाचपैकी पाच दिले ते. ग्रँटवाल्या प्रत्येकाला तिथे एक ज्येष्ठ संशोधक नेमून देतात. मला वाटलं, हात मिळवणार, फोटो काढणार, संपलं. पण बाई कॉफीचा कप घेऊन आल्या आणि माझ्या संशोधनाचं पोस्टर पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.

माझं काम डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) जिथून बाहेर झिरपतं त्या जाळीवर, म्हणजे ट्रॅबेक्युलर मेशवर्कवर. तिथून निचरा नीट झाला नाही की डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते आणि गेलेली नजर परत येत नाही. नेत्रदानातला कॉर्निया रोपणाला गेला की भोवतीची कडा उरते, तिच्यातून आम्ही या पेशी वाढवतो. बाईंनी सगळं वाचून एकच विचारलं, "या पेशी जाळीच्याच कशावरून?" डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिल्यावर मायोसिलिन हे प्रथिन वाढलं पाहिजे, ही या पेशींची खूण. या क्षेत्रातल्या मंडळींनी मिळून २०१८ मध्ये तशी शिफारसही छापली आहे. आमच्याकडे ती तपासणी होती, पण सगळ्या दात्यांच्या पेशींवर नव्हती. बाईंनी माझंच पेन घेतलं, हँडआउटच्या पाठीवर कुठल्या दिवशी औषध द्यायचं, कधी मोजायचं, सगळं मांडून दिलं आणि मला हाताला धरून पलीकडच्या पोस्टरवर नेलं. तिथला मुलगा नेमकं हेच करत होता. आम्ही अजून एकमेकांना आकृत्या पाठवतो. रिसर्च पेपरच्या परीक्षकाने हाच प्रश्न काढला असता तर वर्ष गेलं असतं.

(डेक्सामेथासोनचं निघालंच आहे म्हणून: डोळा लाल झाला की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. त्याने काही जणांच्या डोळ्यातला दाब चढतो, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. परिषदेतली माझी रूममेट नायजेरियाची, डोळ्यांची डॉक्टर. ती म्हणाली, आमच्याकडेही हेच.)

बाकी किरकोळ. जेवण थंडगार सँडविच, चटणी बरोबर न्या. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून केबिन बॅगेत जातं. फ्लेक्सवाला आधी "कुणाचा वाढदिवस?" विचारेल, तिकडे लक्ष देऊ नका.

आणि एक गोष्ट रूममेटकडूनच कळली. तिने निवडीचं पत्र आल्याबरोबर आयोजकांना सरळ लिहिलं होतं की मला आधी पैसे घालणं जमणार नाही, तिकीट तुम्हीच काढा. त्यांनी काढून दिलं, एका मेलमध्ये. ही सोय ना पत्रात लिहिलेली, ना अर्जात. पैसे पोचवण्याचे तीन गुण मी याचेच कापलेत. तुम्ही मात्र पत्र आलं की पेढ्यांआधी तो मेल टाका.