माशांच्या टँकचं पाणी बदलायला गिझर बरा का ड्रम?

दिवाळी सरली की हा प्रश्न येतोच. यंदा आमच्या लातुरातलेच दोघं-तिघं विचारायलेत की सकाळी नळाचं पाणी एवढं गार असतंय, तर त्यात गिझरचं गरम पाणी मिसळून टँकमध्ये घालावं का आदल्या रात्री ड्रममध्ये हीटर टाकून ठेवावं. मी दोन हिवाळे गिझरवर काढले आणि नंतरचे तीन ड्रमवर, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो. टँक तीन फुटी आहे, साधारण १५० लीटरचा, त्यात एंजल, टेट्रा आणि तळाला कॉरी हे मासे, आठवड्याला ४० लीटर बदलतो. तुमचा टँक फारच लहान किंवा फारच मोठा असेल तर माझं म्हणणं जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

रॉडचं आधीच सांगून टाकतो. बादलीत रॉड टाकून पाणी तापवणारे बरेच आहेत, पाणी पटकन तापतं हे खरं, पण आमच्या बोअरच्या पाण्याने रॉडवर पांढरा थर चढतो आणि त्याच्या खपल्या बादलीत पडतात, शिवाय ओल्या फरशीवर उभं राहून करंटशी खेळ नको. घरात लहान लेकरं असतील तर नकोच नको.

आता गिझर. याची सगळ्यात चांगली बाजू म्हणजे वेगळं काही घ्यावं लागत नाही, गिझर घरात असतोच. हिशोबही सोपा आहे, नळाचं पाणी १६ डिग्री आणि गिझरचं ६० डिग्री धरलं तर २० लीटरच्या बादलीत साडेचार लीटरच्या आसपास गरम पाणी घातलं की टँकला हवं ते २६ येतं. पण हे कागदावर. प्रत्यक्षात पहिली बादली भरेपर्यंत गिझरमध्ये खालून गार पाणी शिरलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या बादलीला तेवढंच गरम पाणी घातलं तर २३ च येतं. म्हणजे प्रत्येक बादली नव्याने जुळवत बसायची. पहिल्या हिवाळ्यात मी थर्मामीटर न लावता हाताच्या अंदाजाने करायचो, आणि गार पाण्यात भिजलेल्या हाताला २१-२२ चं पाणी पण मस्त कोमट लागतं. अशाच एका रविवारनंतर चार-पाच दिवसांत एंजलच्या परांवर पांढरे ठिपके दिसले, दोन मासे गेले. त्या पाण्यानेच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण एकदम गार पाणी पडलं की माशाची ताकद कमी होते आणि हा रोग डोकं वर काढतो हे बहुतेकांनी पाहिलेलं आहे. तेव्हापासून अंदाज बंद.

मग थर्मामीटर घेऊन बसायला लागलो आणि खरी कटकट तिथून सुरू झाली. काचेचा थर्मामीटर स्थिर व्हायला मिनिट-दीड मिनिट घेतो. बादली पाऊण भरलेली, लाल रेघ २९ वर. दोन मग गार घातलं, थांबलो, २८. अजून दोन मग, २७ च्या थोडं वर, आणि बादली काठोकाठ. आता गार घालायला जागाच नाही, म्हणून निम्मं ओतायचं आणि परत गार घालायचं, मग कधी ते २४ वर जायचं आणि परत गरम. एकदा मी असंच मोरीत पाणी ओतत होतो तर आई दारात येऊन उभी राहिली, "आरं, चांगलं पाणी कशाला सांडायलास?" एवढंच म्हणली आणि गेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आमच्या शहराला पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई आहे ती. टँकमधून काढलेलं पाणी मी कधी वाया जाऊ देत नाही, ते तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं, झाडं त्यावर खुश असतात. पण हे स्वच्छ पाणी, आठ-आठ दिवसांनी नळाला येणारं, ते फक्त डिग्री जुळत नाही म्हणून मोरीत घालवायचं हे मलाच पटेना. दुसऱ्या बादलीत काढून ठेवूनही बघितलं, मग बाथरूममध्ये चार बादल्या आणि चार तापमानं, कुठली कशात मिसळायची ते कळायचं नाही.

ड्रममध्ये ही भानगडच नाही. ५० लीटरचा झाकणवाला ड्रम, १०० वॉटचा साधा काचेचा हीटर आणि एअर पंपाला जोडलेला, हवेचे बुडबुडे सोडणारा एक दगड. रात्री नऊला लावला की सकाळी २६. विजेचा फरक काही नाही, ४० लीटर पाणी १० डिग्रीने तापवायला अर्ध्या युनिटच्या आसपास लागतंच, मग गिझरने तापवा का हीटरने. रात्रभर हवा चालू असल्यामुळे टीसीएलचा (नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरचा) वास पण बराच उडून जातो, तरी मी क्लोरीन मारायचे थेंब घालतोच. दगड मात्र विसरू नका, नाहीतर वर गरम आणि तळाला गार असं पाणी राहतं. ड्रम औषधाचा किंवा केमिकलचा जुना घेऊ नका, कितीही धुतला तरी.

त्रास इथेही आहेत. रात्री लाईट गेली तर सकाळी पाणी २० वरच असतं, मग पाणी बदलायचं संध्याकाळवर ढकलावं लागतं. ड्रम जागा अडवतो आणि भरला की हलत नाही, त्यामुळे लहान मोटर आणि पाईप लागतो. पाणी उपसायच्या आधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं, गरम हीटर उघडा पडला की काच तडकते, माझा एक असाच गेला.

पण मला ड्रम जास्त पटला तो उन्हाळ्यात. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात लावू देत नाही, तिथे गिझर काय करणार? ड्रम घरात सावलीला भरून ठेवला, भोवती ओलं पोतं गुंडाळलं की सकाळपर्यंत पाणी टँकच्या जवळपास येतं. आणि हो, जुळवायचं ते टँकशी, पुस्तकातल्या २६ शी नाही. मे मध्ये माझा टँकच ३१ वर असतो. थर्मामीटर दोन्हीकडे एकच वापरा, स्वस्तातले दोन थर्मामीटर एकमेकांशी कधी जुळत नाहीत, पण एकच असला तर त्याची चूक दोन्हीकडे सारखीच पडते.

फायटर माशाचा छोटा टँक असेल, दोन-तीन लीटरच बदलायचं असेल किंवा भाड्याच्या खोलीत ड्रमला जागा नसेल तर गिझरचं मिसळून घ्या, काही बिघडत नाही, थर्मामीटर तेवढा लावा. झिंगे किंवा गोगलगायी असतील तर मात्र जपून, बऱ्याच गिझरच्या आत तांबं असतं आणि त्यांना तांबं सोसत नाही.

आमच्याकडे आता ड्रम आईच भरून ठेवते. काल नळ आले तेव्हा मी बाहेर होतो, येऊन बघतो तर ड्रम भरलेला, वर झाकण, आणि हीटरची वायर पाण्यापासून लांब गुंडाळून ठेवलेली.