अंगणात शहाबादी की पेव्हर ब्लॉक?

सोलापूरच्या मावसभावाला घरापुढचं अंगण बसण्या-उठण्यासाठी नव्याने करायचंय आणि गाडं फरशीवर अडलंय.

शहाबादी तिकडे परवडते. खाणी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, त्यामुळे वाहतूक थोडी; कोकणात हेच गणित बदलतं. मजुरी मात्र तिला जास्त: खाली कोबा, मग सिमेंट-वाळूचा माल, वर सांधे भरणं. पेव्हर म्हणजे काँक्रीटचे ठोकळे; ते कचेवर, म्हणजे दगडाच्या बारीक चुरीवर बसतात, काम लवकर उरकतं.

उन्हाचं म्हणाल तर एप्रिलच्या दुपारी दोन्हींवर अनवाणी उभं राहवत नाही. 'थंड राहणारे ब्लॉक' जाहिरातीत ठीक. फिका रंग घ्यावा, एवढंच.

टिकण्यात खरा फरक आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड. संडास धुण्याचं ॲसिड ओतलं की पांढरट डाग पडतो, तो घासून जात नाही. खाली पोकळी राहिली तर गाडीच्या चाकाखाली तडकते. गवंडी असतानाच काठीने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला की उचलायला लावावी. पेव्हर माणसांच्या वावराला 60 मिमी, गाडीला 80 मिमी. कडेला पक्की कड नसेल तर ते सरकतात. सांध्यांत गवत, मुंग्या ठरलेल्याच. पण पाइप फुटला तर तेच ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात.

बाज टाकायची, पापड-कुरडया वाळवायच्या, रांगोळी काढायची, तर शहाबादीच, पण बिनपॉलिशची. पॉलिश पावसात घसरते. गाडी आत येणार असेल किंवा नळाची लाइन खालून जात असेल, तर पेव्हर.