घरच्या बोरची गाडी : पोट्ट्यांचं काम एक नंबर, एजंट डोक्याला ताप

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात घरासमोर साडेसहा इंची बोर मारली. गाडी तमिळनाडू पासिंगची, दुपारून सुरू केलं अन् अंधार पडायच्या आत २०० फूट. मशीन अन् पोट्टे ५ पैकी ५, पण ज्या एजंटनं गाडी आणली त्याले २ च्या वर देत नाही.

रेट ठरला ९० रुपये फूट, ३०० च्या पुढे वाढीव. पीव्हीसी केसिंग, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून बोरात टाकतात तो पाइप, ३८० रुपये फूट. आता हा म्हणे २० फूट केसिंग बस झाली. अरे बावा, आमच्याकडे मुरूमच ३० फुटापर्यंत आहे, केसिंग पक्क्या काळ्या पत्थरात बसली नाही तर पावसाळ्यात बाजूची माती सुटते, बोर गाळानं भरते अन् मोटर अडकली की गेलीच समजा. भांडून ४० फूट टाकून घेतली.

११० ला ओल लागली, १६५ ला मांजऱ्या (छिद्रंवाला नरम पत्थर) लागला अन् दीड इंच पाणी आलं, घरापुरतं लय झालं, खालचे ३५ फूट साठ्याले ठेवले. तरी याचं सुरूच, "३०० करून घ्या भाऊ, खाली नदी आहे." कमिशन फुटावर आहे न त्याचं! आपल्या इकडे पाणी सापडते ते वरच्या सडक्या पत्थरात नाहीतर दोन थरांच्या मधात, खाली अखंड पत्थर लागला की नुसती भुकटी उडते. गल्लीतल्या काकांनी हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्या पानाड्याच्या भरवशावर ३५० केली, १८० च्या खाली थेंब वाढला नाही. अन् शेतात मारणार असाल तर २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खालच्या बोरवर निर्बंध आहेत, हे एजंट सांगणार नाही.

बिल आलं २२० फुटाचं! रॉड २० फुटाचा असते, प्रत्येक रॉडले मी भिंतीवर खडूनं रेघ मारत होतो, रेघा १०. दाखवल्या तर १८०० गुपचूप कमी केले. शेवटी ३३,२०० दिले, मोटर-पाइप-केबल वेगळं.

पाणी निवळेपर्यंत कॉम्प्रेसर चालवायचा असते, तेही मागं लागून करून घ्या, यांना पुढच्या गावची घाई. अन् पांढरकवडा, झरी जामणीकडचे असाल तर पिण्याआधी भूजलवाल्यांच्या लॅबमधून फ्लोराइड तपासा, पाणी उकळून ते जात नाही.