हातवारे ओळखणारं सॉफ्टवेअर: हातात कंट्रोलर की समोर कॅमेरा?

हातवारे ओळखणारा प्रोग्राम लिहायचा म्हटलं की आधी उपकरणाचा प्रश्न येतो. हातात धरायचा मोशन कंट्रोलर घ्यावा, हाताकडे पाहणारा खास सेन्सर घ्यावा, की लॅपटॉपचा साधा कॅमेरा पुरेल? बहुतेक जण अचूकता पाहून ठरवतात. मी आधी दुसरंच विचारतो: हातवारा सुरू कधी झाला आणि संपला कधी, हे या उपकरणावरून कळणार कसं? हवेत काढलेला गोल आणि चौकोन वेगळे ओळखणं तुलनेनं सोपं आहे. पण हात गोल काढायच्या आधीही हलत असतो आणि नंतरही. त्या सलग हालचालीतून नेमका गोलाचा तुकडा कापून काढण्यातच निम्मं काम जातं.

या कसोटीवर कंट्रोलर सरस ठरतो, आणि कारण अगदी साधं आहे: त्याला बटण असतं. बटण दाबलं की सुरुवात, सोडलं की शेवट. निन्टेन्डोच्या वी या गेम कन्सोलचा कंट्रोलर, वी रिमोट, २००६ साली आला. तो ब्लूटूथवर बोलत असल्यामुळे साध्या संगणकालाही जोडता येतो, म्हणून हौशी प्रोग्रामरांनी त्यावर भरपूर प्रयोग केले. त्यात तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर, आहे. फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप (जायरो) २००९ मध्ये मोशनप्लस या जोडणीतून आला. हा फरक विकत घेण्याआधी समजून घ्या. टेबलावर स्थिर ठेवलेला ॲक्सेलरोमीटरही गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण दाखवतो. त्यामुळे कंट्रोलर किती कलला आहे ते छान कळतं, पण हात फिरत असताना कलणं कोणतं आणि झटका कोणता हे वेगळं करता येत नाही. ते जायरोमुळे जमतं. मात्र त्वरणाचं दोनदा संकलन (इंटिग्रेशन) करून हात कुठे आहे ते काढायच्या फंदात पडू नका. सेन्सरमधली छोटीशी स्थिर चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते आणि काही सेकंदांत उत्तर कुठल्या कुठे जातं.

हात नेमका कुठे आहे हेही हवं असेल तर सोनीच्या प्लेस्टेशन मूव्ह या कंट्रोलरची रचना पाहा (२०१०). टोकाला प्रकाशणारा गोळा असतो. कॅमेऱ्याला तो किती मोठा दिसतो यावरून अंतर कळतं आणि कल आतल्या सेन्सरांवरून कळतो. मला ही रचना फार आवडते, कारण दोन अपुरे सेन्सर एकमेकांची उणीव भरून काढतात.

आता रिकाम्या हाताचे पर्याय. २०१३ चा लीप मोशन हा सेन्सर दोन इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी हाताकडे पाहतो आणि बोटांच्या हाडांपर्यंतची माहिती देतो. चिमूट, पकड, एकेका बोटाची हालचाल हवी असेल तर कंट्रोलर इथे स्पर्धेतच नाही. उणिवा दोन. तळहातामागे गेलेलं बोट त्याला दिसत नाही, मग तो अंदाज बांधतो. आणि बटण नसल्यामुळे सुरुवात-शेवट दाखवायला चिमटीसारखी वेगळी खूण ठरवावी लागते.

मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्ट या कॅमेरा-सेन्सरची गोष्ट निराळी आहे. तो पूर्ण शरीरासाठी आहे: पहिल्या पिढीच्या मायक्रोसॉफ्ट एसडीकेमध्ये (प्रोग्रामरांसाठीच्या सॉफ्टवेअर संचात) शरीराचे २० सांधे, दुसऱ्या पिढीत २५. नृत्य किंवा व्यायामासाठी उत्तम, बोटांसाठी नाही. पण त्यानंतरच्या ॲझुर कायनेक्टचं उत्पादनही २०२३ मध्ये थांबलं, तेव्हा नवं काम त्यावर उभारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वी रिमोट जुना झाला तरी खुल्या लायब्रऱ्यांमधून कच्चा डेटा मिळतच राहतो. ज्या उपकरणाचा डेटा केवळ कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमधूनच मिळतो, त्याचं आयुष्य कंपनीच्या हातात असतं.

साधा कॅमेरा आणि चित्रातून हात ओळखणारी गूगलची मीडियापाइप लायब्ररी हा सर्वांत सोपा आरंभ. प्रत्येक हाताचे २१ बिंदू मिळतात, पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत चालतं. तयार ओळखयंत्रणेत बंद मूठ, उघडा पंजा, अंगठा वर अशा सात खुणा येतात. पण या सातही स्थिर मुद्रा आहेत. हालचाल ओळखायची तर ते काम तुमचं. आणि वेगाचं गणित आधीच करून घ्या: ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात ०.२ सेकंदाच्या झटक्याचे सहाच नमुने हाती येतात, तेही अंधूक उजेडात पुसट झालेले. सेकंदाला १०० नमुने देणाऱ्या कंट्रोलरकडून त्याच झटक्याचे २० मिळतात.

लायब्ररी निवडताना एक गल्लत नेहमी होते. वीयूज किंवा पीएसमूव्ह एपीआय फक्त उपकरणाचे आकडे तुमच्यापर्यंत आणतात. हातवारा ओळखणारा भाग वेगळा जोडावा लागतो. सपाट पृष्ठावर एका रेषेत काढलेल्या आकृतीसाठी २००७ चा डॉलर-वन अल्गोरिदम शंभरेक ओळींत लिहून होतो. रेषेचे ६४ समान अंतरावरचे बिंदू करायचे, फिरवून आणि ताणून एका मापात आणायचे, नमुन्यांशी अंतर मोजायचं. मात्र याच फिरवण्यामुळे डावा बाण आणि उजवा बाण त्याला सारखेच वाटतात, आणि ताणण्यामुळे चौरस आणि आयतही. तुमच्या हातवाऱ्यांत दिशा महत्त्वाची असेल तर फिरवण्याचा टप्पा काढून टाका.

कंट्रोलरच्या सहा आकड्यांच्या (ॲक्सेलरोमीटरचे तीन, जायरोचे तीन) प्रवाहासाठी मी डायनॅमिक टाइम वॉर्पिंग, म्हणजे डीटीडब्ल्यूच सुचवेन. कुणी गोल सावकाश काढतो, कुणी झपाट्यानं; डीटीडब्ल्यू काळाला ताणून-आवळून दोन्ही जुळवतो, आणि प्रत्येक हातवाऱ्याचे मोजके नमुने त्याला पुरतात. निक गिलियन यांच्या सी प्लस प्लसमधल्या जेस्चर रेकग्निशन टूलकिटमध्ये तो तयार मिळतो. ओळखीचं काही न दिसल्यास उत्तर न देण्याची सोयही तिथे आहे, आणि ती सोय लाखमोलाची आहे. कोड न लिहिता प्रयोग करायचा असेल तर रिबेका फीब्रिंक यांचं वेकिनेटर. न्यूरल नेटवर्क शेवटी: वेगवेगळ्या माणसांचे भरपूर नमुने जमले असतील तरच.

थोडक्या वेळात चालणारं काही हवं असेल तर जायरो असलेला कंट्रोलर, बटण आणि डीटीडब्ल्यू. बोटं हवी असतील, किंवा वापरणाऱ्याच्या हातात काही देता येणार नसेल, तर मीडियापाइपपासून सुरुवात करा आणि तिथे अडलात तरच लीपकडे वळा. निवड पक्की करण्याआधी दोन चाचण्या घ्या. पाच जणांचे नमुने घ्या, पण चौघांचेच शिकवा आणि पाचव्यावर तपासा. मग प्रोग्राम चालू ठेवून दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारा, केस सावरा, कप उचला, आणि तेवढ्यात किती हातवारे उगाच ओळखले गेले ते मोजा.