आउटबोर्डची नवी पेट्रोल लाइन: आठ महिने वापरल्यावर

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं मशीन, बंद पडलं की माणूस आधी देवाचं नाव घेतो, मग वल्ह्याला हात घालतो. गेल्या सप्टेंबरात माझ्यावर ही पाळी तीनदा आली. ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. खाडीत मंद चालवलं तर तक्रार नाही. वेग दिला की दहा मिनिटांत धापा टाकून बंद. जरा थांबलं की पुन्हा चालू. प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. पैसे गेले, दुखणं तिथेच.

शेवटी शेजारच्या होडीवाल्या काकांनी विचारलं, "बंद पडताना फुगो बघलंस काय रे?" फुगा म्हणजे टाकीपासून मशीनपर्यंतच्या लाइनमधला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी गोळा. पुढच्या खेपेला बघितला. चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा! म्हणजे पेट्रोल टाकी आणि फुग्याच्या मध्येच अडतंय. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता. मग काकांची लाइन माझ्या टाकीला लावली, तर मशीन अर्धा तास न कुरकुरता पळालं. घरी येऊन जुना पाइप ब्लेडने उभा चिरला. आतलं अस्तर सुटून पापुद्र्यासारखं लोंबत होतं. ओढ वाढली की तेच भोक बुजवायचं. बाहेरून पाइप अगदी ठणठणीत.

ऑक्टोबरात ८ मिमीची नवी लाइन घेतली, इथेनॉलचं पेट्रोल चालेल असं लिहिलेली. सोबत पाणी वेगळं करणारा, पारदर्शक वाटीचा फिल्टर बसवला. पाइप आणि फुगा यांना नाव ठेवायला जागा नाही. बाण मशीनकडे ठेवून फुगा उभा धरला की पाच-सहा दाबांत कडक होतो, मे महिन्यातही.

सोबत आलेल्या क्लिपा मात्र डिसेंबरातच गंजल्या. स्टेनलेसच्या घातल्या. फेब्रुवारीत मशीन परत गुदमरायला लागलं, पण या वेळी फुगा चपटा नव्हता, नुसता मऊ. आणि दाबत राहिलं की मशीन उचल घ्यायचं. पेट्रोलचा थेंबही कुठे गळत नव्हता, म्हणून दोन दिवस चकलो. मशीन पेट्रोल ओढत असतं तेव्हा सैल जोडातून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फिल्टरच्या वाटीत बुडबुडे दिसले तेव्हा ट्यूब पेटली. मशीनकडच्या कनेक्टरातली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट ठेवणारी रबरी कडी, चेपली होती. चार महिन्यांत चेपावी, हे काही बरं नाही.

फिल्टरचे पैसे मात्र वसूल. एकदा वाटीतून दोन चमचे पाणी निघालं. टाकी अर्धी ठेवून रात्रभर किनाऱ्यावर सोडायची माझीच खोड. आता भरून ठेवतो. वीस लिटरला ४०० मिली ऑइल, म्हणजे ५०:१, हा हिशोब तसाच.

१ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी, त्यामुळे होडी या आठवड्यात वर काढतोय. लाइन सोडवून, पेट्रोल निथळून पडवीत टांगणार. दुसऱ्या होडीसाठीही हीच लाइन मागवलीय, आणि ओ-रिंगा चार जास्तीच्या.