वर्गणी, देणगी की शाळेतले वर्ग? स्वतंत्र पत्रकारितेसाठी पैसे कुठे द्यावेत

वर्षाला दहा-बारा हजार रुपये स्वतंत्र पत्रकारितेसाठी बाजूला काढायचे ठरवले, की समोर साधारण तीन वाटा दिसतात. एखाद्या जाहिरातमुक्त माध्यमाची वर्गणी भरायची, पत्रकारिता करणाऱ्या ना-नफा संस्थेला देणगी द्यायची, किंवा खोटी बातमी ओळखायला शिकवणाऱ्या उपक्रमाला मदत करायची. हेतू एकच असला तरी भारतात तिन्हींचे कायदे वेगळे, धोके वेगळे, आणि पैसा वाया जाण्याच्या पद्धतीही वेगळ्या.

आधी पासपोर्ट पाहा

भारतातच राहणाऱ्या नागरिकांनी हा भाग गाळला तरी चालेल. न्यू जर्सी, लंडन किंवा दुबईहून पैसे पाठवणाऱ्यांनी मात्र इथूनच सुरुवात करावी.

परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा 2010 चा कायदा, म्हणजे एफसीआरए, नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक, इतकेच काय व्यंगचित्रकारालाही परदेशी देणगी घेण्यास मनाई करतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्-श्राव्य बातम्या देणाऱ्या कंपन्या आणि संस्थाही त्यात येतात. इथे तुम्ही कुठे राहता यापेक्षा तुमचे नागरिकत्व कोणते हे महत्त्वाचे. दुबईत वीस वर्षे राहूनही पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँक मार्गाने गेले असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. संस्था फक्त पासपोर्टची प्रत मागेल, ती द्यावी. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर मात्र ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) दाखवून उपयोग नाही. ती देणगी परदेशीच.

अशांसाठी दोन मार्ग उरतात. पहिला वर्गणीचा: नेहमीच्या व्यवहारात वस्तू किंवा सेवेच्या बदल्यात दिलेली किंमत हा कायदा देणगीत मोजत नाही. दुसरा, एफसीआरए नोंदणी असलेल्या शैक्षणिक संस्थेमार्फत माध्यम साक्षरतेचे, म्हणजे खोटी बातमी ओळखायला शिकवण्याचे, काम. हे पैसे संस्थेच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘आमच्याकडे द्या, आम्ही गावातल्या गटापर्यंत पोचवू’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबा.

वर्गणी: सर्वात सरळ, पण दिल्लीकडे झुकलेली

जाहिरातीवर चालणारे माध्यम जाहिरातदाराला दुखवायला कचरते. सरकारही मोठा जाहिरातदार असते, आणि एखाद्या बातमीनंतर त्या जाहिराती बंद होणे ही जुनी युक्ती आहे. वर्गणीवर चालणाऱ्या माध्यमाला ही भीती कमी. 2012 साली सुरू झालेल्या न्यूजलाँड्रीने जाहिराती न घेता वाचकांच्या पैशांवर चालण्याची वाट धरली. त्यांच्याकडे ठरावीक विषयाच्या शोधवार्तेसाठी वेगळा निधी गोळा करण्याची सोयही आहे. पैसा कशावर खर्च झाला हे त्यातून थेट दिसते. पण बातमीदाराचा पगार बारा महिने द्यावा लागतो, आणि गाजणाऱ्या विषयांनाच असा निधी लवकर मिळतो. म्हणून दोन्हींत निवड करायची तर साधी वार्षिक वर्गणी आधी.

पैसे संकेतस्थळावरून भरा. अ‍ॅपमधून भरले तर अ‍ॅप स्टोअर साधारण 15 ते 30 टक्के कापून घेते. मासिक स्वयंचलित भरणा सोयीचा वाटतो, पण छोट्या माध्यमांचे वर्गणीदार सर्वात जास्त इथेच गळतात: कार्डाची मुदत संपते, बँक बदलते, खात्यात त्या दिवशी शिल्लक नसते, आणि वाचकाला पत्ताही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कपातीच्या 24 तास आधी सूचना यावी लागते आणि एरवी 15,000 रुपयांपर्यंतच्या भरण्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. तरी ती सूचना जाहिरातींच्या गर्दीत हरवतेच. एकरकमी वार्षिक वर्गणीत ही गळती होत नाही आणि संपादकाला वर्षभराचे नियोजन करता येते.

या वाटेची खरी उणीव वेगळी आहे. राष्ट्रीय माध्यमाची वर्गणी भरल्याने तुमच्या तालुक्यात वार्ताहर येत नाही. महाराष्ट्रात तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. बातमीबरोबर जाहिराती आणणे हेही त्याचेच काम, आणि कमाईचा मोठा भाग त्या जाहिरातींच्या कमिशनमधून येतो. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी ज्याला भरायची आहे, त्याने त्याच नेत्याच्या टेंडरची बातमी लिहावी ही अपेक्षा जरा जास्तच. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत गाजलेले ‘पेड न्यूज’चे, म्हणजे पैसे घेऊन उमेदवाराची जाहिरात बातमी म्हणून छापण्याचे, प्रकरण ही याच व्यवस्थेची मोठी आवृत्ती होती. स्थानिक बातमी हवी असेल, तर स्थानिक बातमीदाराला मानधन देणारे माध्यम शोधून त्याचीच वर्गणी भरावी. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमधून 2002 साली निघालेले ‘खबर लहरिया’ हे त्याचे चांगले उदाहरण. ग्रामीण स्त्रियांनी बुंदेली बोलीत चालवलेले हे पत्र पुढे व्हिडिओकडे वळले, पण रस्ता, हातपंप आणि पोलीस ठाणे हे विषय त्यांनी सोडले नाहीत.

देणगी: खोलवर काम, पण पाया हलता

जे काम बाजारात कधीच विकले जाणार नाही, त्याला देणगीच लागते. डिसेंबर 2014 मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेले ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे वार्तांकन मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य वाचता येते, आणि त्याला काउंटरमीडिया ट्रस्टचा आधार आहे. एकेका वृत्तांतामागे आठवडे जातात. अशा मजकुराला वर्गणीची भिंत घातली तर ज्यांच्याबद्दल तो लिहिला आहे तेच बाहेर राहतील.

धोका कायद्याकडून येतो. जानेवारी 2025 मध्ये रिपोर्टर्स कलेक्टिव्ह या शोधपत्रकारांच्या संस्थेने जाहीर केले, की आयकर खात्याने तिचा ना-नफा दर्जा रद्द केला आहे. पत्रकारितेतून सार्वजनिक हेतू साधला जात नाही, असे कारण देण्यात आले. त्याआधी ‘द फाइल’ या कन्नड माध्यमावरही हीच वेळ आली होती. दर्जा गेला, की देणग्यांवर व्यवसायासारखा कर लागू शकतो. म्हणून देणगी देण्यापूर्वी नोंदणी कधीपर्यंत वैध आहे हे लेखी विचारा. आणि मोठे देणगीदार किती, हेही विचारा. एकाच दात्यावर उभे असलेले माध्यम त्याने हात काढताच कोसळते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा युक्रेनपासून म्यानमारच्या निर्वासित पत्रकारांपर्यंत अनेकांना हा फटका बसला.

करसवलतीसाठी देणगीची वाट निवडू नका. आयकरातल्या 80-जी (देणगीवरील सवलत) खाली सहसा निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते: 10,000 दिले तर 5,000, म्हणजे 30 टक्क्यांच्या टप्प्यातही उपकर धरून 1,560 रुपये वाचतात. नवी करप्रणाली निवडली असेल तर काहीच नाही. रोख 2,000 च्या वर दिले तर सवलत नाही. जुन्या प्रणालीत असाल तर साध्या पावतीवर समाधान मानू नका. संस्थेने दिलेले 10-बीई प्रमाणपत्र लागते.

साक्षरता: एक तासाची कार्यशाळा नको

या वाटेवर पैसा सर्वाधिक वाया जातो, कारण दिसायला ती सर्वात उत्साही असते. सभागृह, बॅनर, प्रमाणपत्रे, फोटो.

गरज खोटी नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण शिकवल्याने फरक पडतो का, आणि किती शिकवल्याने, हा प्रश्न बिहारमध्ये दोनदा तपासला गेला.

2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात संशोधक सुमित्रा बद्रिनाथन यांनी सुमारे 1,200 मतदारांवर प्रयोग केला. घरी जाऊन साधारण तासाभराचे प्रशिक्षण दिले गेले. एकूण परिणाम जवळजवळ शून्य. आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखण्यात काही समर्थक उलट अधिकच कमी पडले. पुढच्या प्रयोगात बिहार सरकारच्या जीविका ग्रंथालयांतून 13,000 हून जास्त शाळकरी मुलांना सुमारे 14 आठवड्यांत चार सत्रे दिली गेली. भर आरोग्यविषयक अफवांवर होता. चार महिन्यांनी पाहिले तेव्हा परिणाम टिकून होता, राजकीय अफवांपर्यंत पोचला होता, आणि मुलांच्या पालकांमध्येही दिसला.

फरक कशामुळे पडला असावा? वेळ, वय आणि ओळखीची सरकारी जागा. आणि सुरुवात राजकारणाने न करणे. प्रौढांच्या बैठकीत पहिलेच उदाहरण निवडणुकीचे घेतले, की निम्मे लोक हाताची घडी घालून बसतात.

म्हणून उपक्रमाला पैसे देण्याआधी हे विचारा: सत्रे किती, दोन सत्रांत अंतर किती, मधल्या काळात मुले काय करतात, आणि शेवटच्या सत्रानंतर तीन-चार महिन्यांनी कोण तपासणार. ‘किती जणांपर्यंत पोचलो’ हा आकडा बाजूला ठेवा. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर प्रोजेक्टर अनावश्यक. पाच मुलांमागे इंटरनेट असलेला एक फोन पुरतो, कारण फोटो उलट शोधणे, म्हणजे तो आधी कुठे छापला गेला हे इंटरनेटवर पाहणे, हाताने केल्याशिवाय येत नाही. उदाहरणे मराठीतली आणि त्याच जिल्ह्यात फिरलेली हवीत. खर्चाचा मोठा वाटा प्रशिक्षकाच्या मानधनावर आणि एसटीच्या तिकिटांवर जायला हवा. छपाईवर जास्त दिसला तर कारण विचारा.

तथ्य-तपासणी करणाऱ्या गटांना मदत करायची असेल तर त्यांचे उत्पन्न आधी पाहा. अनेकांचा मोठा ग्राहक फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपची कंपनी मेटा आहे, ती तपासणीसाठी त्यांना पैसे देते, आणि जानेवारी 2025 मध्ये मेटाने अमेरिकेत ही व्यवस्था बंद करत असल्याचे जाहीर केले. वाचकांच्या देणगीवर चालणाऱ्या गटाला तुमचे हजार रुपये जास्त उपयोगाचे.

बारा हजारांत आमची वाटणी अशी: सहा-सात हजार वर्गण्यांना, त्यातली किमान एक स्थानिक किंवा बोलीभाषेतल्या माध्यमाची. तीन हजार देणगी, तीही सलग तीन वर्षे एकाच संस्थेला. उरलेले तुमच्या ओळखीच्या जिल्हा परिषद शाळेत चार सत्रांचा वर्ग खरोखर होणार असेल तरच. नाहीतर तेही वर्गणीत टाका. हा वर्ग जूनमध्ये ठरवा, दिवाळीच्या सुट्टीआधी संपवा आणि तपासणी जानेवारी-फेब्रुवारीत ठेवा. त्यानंतर परीक्षांच्या गडबडीत मुख्याध्यापक तास देत नाहीत.