पेटाऱ्यातलं कुठे द्यायचं: लिलाव, दुकानदार की कमाटीबाग?

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागातली जुनी मराठी घरं एकेक करून बिल्डरकडे जात आहेत. घर रिकामं करायची वेळ आली की माळा उतरतो. तांब्याचा बंब, घंगाळ, संखेड्याचा पाळणा, काचेमागे डाग पडलेल्या लक्ष्मी-सरस्वती, चांदीच्या रुपयांची पुरचुंडी, देवाचे टाक, रुमालात बांधलेले मोडी कागद, एखाद्या घरात तलवार. मग भावंडांची बैठक बसते आणि सगळे एकदम बोलू लागतात. एकाने मुंबईच्या लिलावाचे आकडे वाचलेले असतात, दुसऱ्याच्या ओळखीचा दुकानदार असतो, आणि तिसऱ्याला वाटतं सगळं कमाटीबागेतल्या म्युझियमला देऊन मोकळं व्हावं. तिघंही थोडे थोडे बरोबर असतात, कारण सगळा पेटारा एकाच वाटेने जाणार नसतो.

आधी एक वाट निकालात काढू. “भाचा लंडनला आहे, तिकडच्या लिलावात लावू.” हे जमणार नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा, तो लागू झाला 5 एप्रिल 1976 पासून. 100 वर्षांहून जुनं शिल्प, चित्र, नाणं किंवा कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना हीच मर्यादा 75 वर्षांची. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. साडीच्या घडीत गुंडाळून नेलेला पितळी बाळकृष्णही यातच आला. आणि राजा रविवर्म्याचं हातचं चित्र असेल तर ते कलानिधी म्हणून जाहीर झालेलं आहे, तेही बाहेर जात नाही.

“मग बडोद्याचा मोत्यांचा गालिचा कसा विकला गेला?” हे कोणी ना कोणी विचारतंच. खंडेराव महाराजांनी 1865 च्या सुमारास मदिनेला अर्पण करायला बसराई मोत्यांचा तो गालिचा करवून घेतला, पण तो तिथे पोचलाच नाही, गायकवाडांकडेच राहिला. 2009 मध्ये दोह्याला सदबीज या लिलावगृहाने तो सुमारे 55 लाख डॉलरला विकला. त्याआधी 2007 मध्ये बडोद्याच्या मोत्यांचा दुपदरी हार न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात 70 लाख डॉलरच्या वर गेला. गालिचा महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला होता, म्हणजे हा कायदा यायच्या कितीतरी आधी. शिवाय हल्ली तेवढंही पुरत नाही. पिपरहवाच्या बौद्ध स्तूपातली रत्नं 1898 पासून उत्खनन करणाऱ्या इंग्रज घराण्याकडे होती. मे 2025 मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैत ती रत्नं भारतात परतली. अशा काळात रावपुऱ्यातली पिशवी लंडनला नेण्याचा विचारही करू नये.

या बंदीचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. भारतातल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये अशा वस्तूंखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की ही नोंदणीकृत पुरावस्तू आहे, देशाबाहेर नेता येणार नाही. म्हणजे गिऱ्हाईक फक्त इथलंच. त्यामुळे परदेशातल्या लिलावाचा आकडा पेपरात वाचून आपल्या घरातल्या वस्तूची किंमत मनात धरू नका, तो बाजार वेगळा.

आता लिलाव आणि दुकानदार समोरासमोर ठेवू.

लिलावगृह वस्तू विकत घेत नाही, तुमच्या वतीने विकतं. ते आधी फोटो मागवतं, मग वस्तू, मग अंदाजे किंमत सांगतं. त्याखाली एक राखीव किंमत ठरते, तिच्या आत बोली थांबली तर वस्तू परत. समजा हातोडी 1 लाखावर पडली. गिऱ्हाईक त्यावर लिलावगृहाचा प्रीमियम भरतं, 20 टक्के धरला तर 1,20,000, शिवाय जीएसटी. तुमच्याकडून विक्रीचं कमिशन कापलं जातं. 10 टक्के धरलं तर हातात 90,000, त्यातून फोटो, विमा आणि वाहतुकीचा खर्च करारात असेल तर तोही वजा. पैसे गिऱ्हाइकाने भरल्यानंतर काही आठवड्यांनी येतात. वस्तू दिल्यापासून पैसे मिळेपर्यंत सहा महिने सहज जातात. कमिशनचा टक्का मात्र दगडावरची रेघ नसते. वस्तू चांगली असेल तर घासाघीस होते. करार वाचताना दोन कलमं आधी शोधा: वस्तू न विकल्यास परतीचा खर्च कोणाचा, आणि मध्येच माघार घेतली तर दंड किती.

लिलावाचा एक तोटा कोणी बोलून दाखवत नाही. बोली लागली नाही तर ती वस्तू “पडली” हे सगळ्यांना दिसतं. कॅटलॉग वर्षानुवर्षं इंटरनेटवर राहतात. पुढच्या वेळी गिऱ्हाईक तेच पाहून निम्म्यात मागतं. म्हणून अंदाज चढा सांगून खूश करणाऱ्या लिलावगृहापेक्षा कमी सांगणारं परवडतं.

दुकानदाराचा व्यवहार याच्या उलट. तो घरी येतो, सगळं एकगठ्ठा घेतो, पैसे त्याच दिवशी देतो, टेम्पोही त्याचाच. बंब, घंगाळ, पितळी समया, झोपाळ्याच्या कड्या, शिसवी कपाट यांच्यासाठी तोच बरा. मुंबईच्या लिलावगृहाला तुमच्या बंबात काडीचा रस नसतो, आणि तो तिथवर न्यायचा खर्चच किमतीच्या वर जाईल. पण दुकानदार आला की पंचाईत अशी की तो आधी बंबाचं कौतुक करतो, भाव त्याचाच ठरवतो आणि “ही फोटोफ्रेम अशीच टाका त्यात” म्हणतो. लक्ष त्या फ्रेमकडे असतं. म्हणून त्याला बोलवायच्या आधी कागद, नाणी, चित्रं आणि मूर्ती बाजूच्या खोलीत ठेवून कडी लावा. पुरावस्तूंची खरेदी-विक्री करायला परवाना लागतो, तो आहे का हे विचारायला संकोच कशाला?

आता वस्तूवार बघू, कारण निर्णय तिथेच होतो.

नाण्यांच्या बाबतीत खरी तुलना सोनी (सोनार) आणि लिलाव यांच्यात आहे. चांदी महागली की सोनी वजनावर चांगले पैसे देतो आणि सयाजीराव महाराजांचे मुखवट्याचे रुपये भट्टीत जातात. मशीनवर पाडलेला तो रुपया हातात घेऊन बघा. एका बाजूला महाराजांची पगडी घातलेली छबी आणि कडेने नागरी अक्षरं, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत “एक रुपया”, तलवारीची खूण आणि संवत. हा संवत म्हणजे विक्रम संवत, इसवी सन काढायला 57 वजा करा, म्हणजे 1948 हे साधारण 1891. अशाच पिशवीत त्याआधीचे जाड, वेडेवाकडे, हाताने पाडलेले रुपयेही असतात. फरक पडतो तो संवताने आणि झिजेने: महाराजांच्या कानाची, पगडीच्या पेचांची रेघ शाबूत असेल तर संग्राहक बोली लावतो, गुळगुळीत झाली असेल तर चांदीच्या भावाच्या थोडं वर मिळतं इतकंच. नाण्यांचे लिलाव करणारी वेगळी घरं आहेत, मुंबईत टोडीवाला, बंगळुरूत मरुधर, आणि आपल्याला सगळ्यात सोयीचं अहमदाबादचं क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी. सकाळी गाडी पकडून दुपारपर्यंत दाखवून येता येतं. एकच विनंती, दिवाळीच्या भांड्यांबरोबर नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. वरचा काळा थर संग्राहकाला हवा असतो, घासलेलं चकचकीत नाणं तो उचलून खाली ठेवतो. नोंदणीची कटकट नाण्यांना नाही, पण 100 वर्षांवरचं नाणं परदेशी नेण्याची बंदी आहेच.

चित्रांबद्दल बडोद्यात भाबडेपणा फार. रविवर्मा इथे राहून गेला, सयाजीरावांनी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली, त्यातली राजवाड्याच्या संग्रहालयात आजही बघता येतात. त्यामुळे दर तिसऱ्या घरात “आमच्याकडे खरा रविवर्मा आहे” असं ऐकू येतं. बहुतेक वेळा ती ओलिओग्राफ असते. 1894 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसची छापील प्रत. ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. भिंग घेऊन सरस्वतीच्या गालावर धरा. ब्रशचा फटकारा न दिसता बारीक ठिपक्यांची दाटी दिसली तर छपाई. वरून कॅनव्हाससारखी खरखर भासते, ती छापतानाच दाबून उठवलेली, वर रोगणाचा हात. खालच्या कडेला छापखान्याचं नाव आणि गाव असतं. गाव मुंबई असेल तर प्रत आधीच्या काळातली असण्याची शक्यता जास्त. नवी फ्रेम करताना ही कड कापून टाकणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. कड गेली की निम्मी किंमत गेली.

पण ओलिओग्राफ म्हणजे टाकाऊ नव्हे. आजी-पणजीने साडीवर खरी जर, टिकल्या आणि मणी शिवून सजवलेल्या प्रती लिलावात चांगल्या जातात, आणि दुकानदार त्याच “जुनं कॅलेंडर” म्हणून उचलतो. माझ्या मते लिलाव आणि दुकानदार यांच्यातली सर्वात मोठी दरी याच वस्तूत आहे. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल किंवा अस्तागुरू यांना फोटो पाठवायला काही पडत नाही. समोरून, मागून, खालच्या कडेचा जवळून, असे तीन फोटो पुरे.

तलवारीचं सांगायचं तर एप्रिल 2025 मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून सोडवून घेतली, सगळा खर्च धरून 47.15 लाखांना. तिच्या पात्यावर सोन्याने देवनागरीत नाव आहे: श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा. पैसे त्या अक्षरांचे होते. “आमच्या खापरपणजोबांना दरबारातून मिळाली” या वाक्याला लिलावात भाव नाही. सनद, पत्र, नेमणुकीचा कागद, पणजोबा ती तलवार लावून बसलेला स्टुडिओतला फोटो, यांना आहे. म्हणून मोडी कागदांची ती गठडी सगळ्यात आधी वाचून घ्या आणि सगळ्यात शेवटी द्या. मोडी वाचणारे इथे अजून मिळतात. त्या गठडीतल्या एका यादीमुळे पेटाऱ्यातली दुसरीच वस्तू दहापट मोलाची ठरू शकते.

हस्तिदंताची डबी किंवा फणी निघाली तर ती विकायचीच नाही, ना लिलावात ना दुकानात. वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो.

मूर्ती आणि टाक. दगड, धातू, मातीची शिल्पं, लाकडात कोरलेल्या आकृती, चित्रं आणि सचित्र पोथ्या 100 वर्षांवरच्या असतील तर पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवाव्या लागतात, फोटोंसह. मालक बदलला की तेही कळवायचं. नोंदणी म्हणजे सरकार घेऊन जाईल ही भीती घराघरात आहे. सक्तीने संपादन करण्याची तरतूद कायद्यात आहे हे खरं, पण ती वापरायची तर मोबदला द्यावा लागतो, आणि देव्हाऱ्यातल्या बोटभर अन्नपूर्णेसाठी कोणी ती वापरत नाही. उलट नोंदणी नसलेली मूर्ती चांगलं लिलावगृह दारातूनच परत पाठवतं. टाकांबद्दल तर मी विकू नका असंच म्हणेन. चांदीच्या पातळ पत्र्यावरचा खंडोबा लिलावात विशेष काही आणत नाही आणि आत्याबाई वर्षभर बोलत नाहीत.

राहिली कमाटीबाग. तिथलं म्युझियम 1894 चं. त्यात अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती आहेत, युरोपीय चित्रं आहेत, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेली ममी आहे. तिथे तुमचा पाळणा दर्शनी भागात लागेल अशी आशा नको. संग्रहालयांच्या बहुतेक वस्तू कोठारातच असतात. पण मोडी कागद, जुनी छायाचित्रं, सचित्र पोथी यांना बाजारात जेवढा भाव आहे त्यापेक्षा अभ्यासात जास्त आहे, आणि ती घरात वाळवीच्या तोंडी जाण्यापेक्षा तिथे बरी. देताना लेखी दानपत्र करा, वस्तूंची यादी जोडा, पोच घ्या आणि आधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा. किंमत काढून देणं हे संग्रहालयाचं काम नाही, ती अपेक्षा ठेवून जाऊ नका. काय आहे एवढं कळायला सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये विचारलं तर दिशा मिळते.

करात इथे एक गंमत आहे. घरातले दागिने जसे करातून सुटत नाहीत तशी चित्रं, शिल्पं आणि पुरावस्तूही “घरगुती सामान” म्हणून सुटत नाहीत. विकल्यावर भांडवली नफा मोजला जातो. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के. वारसाने आलेल्या वस्तूला 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं, तेवढं मूल्यांकन करून घ्या. पण हीच वस्तू सरकारला, विद्यापीठाला किंवा राष्ट्रीय संग्रहालयाला दिली, अगदी विकत दिली, तरी तो नफा करपात्र धरत नाहीत. महत्त्वाची वस्तू असेल तर लिलावाच्या आकड्यातून कमिशन आणि कर वजा करून मग दोन्हीची तुलना करावी. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर 22 सप्टेंबर 2025 पासून 100 वर्षांवरच्या वस्तूंवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला, म्हणजे बोली लावणाऱ्याचा हात थोडा सैल झाला असावा.

आणि कुठेही द्यायचं ठरलं तरी सगळ्या वारसांच्या सह्यांचा कागद आधी करा. लिलावगृह मालकी विचारतं, आणि न विचारणारा दुकानदार घेऊन गेल्यावर बंगळुरूची धाकटी बहीण विचारते. यादी करा, प्रत्येक वस्तूपुढे फोटोचा क्रमांक टाका, ज्याला जे घरी हवं ते आधी वेगळं काढू द्या. आमच्या ओळखीत एका घरी कपाट आणि बंब तासाभरात निकालात निघाले आणि अडकलं ते पुरणयंत्र, तिघींना तेच हवं होतं.